तडीपार शहरातला, हद्दपार गावचा?

प्रश्न असा आला आहे: 'पुण्यातला गुंड बातमीत तडीपार होतो, आमच्या तालुक्यातला मात्र हद्दपार. हा शहरी-ग्रामीण भेद आहे का?'

शब्दांत नाही. 'तड' म्हणजे काठ. काम तडीस नेतो ती हीच तड. तडीपार म्हणजे पैलतीरी धाडलेला. 'हद्द' अरबीतून आलेली. आदेशाच्या कागदावर बहुधा 'हद्दपार' असतं, बोलण्यात आणि मथळ्यांत 'तडीपार'. वापरात एक बारकावा आहे. प्लॅस्टिक हद्दपार करता येतं, तडीपार केलं तर लोक हसतील. तडीपार व्हायला माणूस लागतो, आणि तोही बहुतेक कोयतेवाला.

भेद आहे तो तडीपारीच्या आदेशावर सही कोणाची यात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ५६ मारहाण, धमक्या, दहशत अशा प्रकरणांत वापरतात. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. पोलीस आयुक्तालयाच्या, म्हणजे पुण्यासारख्या शहराच्या हद्दीत प्रस्ताव पोलीस ठाण्याचा, चौकशी सहायक आयुक्तांची, आदेश उपायुक्तांचा. सगळं पोलिसांच्या घरातच. पुणे ग्रामीणसारख्या हद्दीत मात्र चौकशी पोलीस उपअधीक्षक करतात आणि फाईल जाते प्रांतांकडे, म्हणजे जमिनीचे दावे ऐकणाऱ्या महसूल अधिकाऱ्याकडे. (टोळी असेल तर कलम ५५ खाली जिल्ह्याचे पोलीस अधीक्षकही आदेश काढतात.) गावाकडे यात वेळ जातो अशी ओरड असते. मला तो वेळ वाया गेलेला वाटत नाही. आरोप करणाऱ्यानेच निकाल देऊ नये, एवढं तरी त्यातून साधतं.

याच कलमात एक अट आहे: भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. म्हणून जबाब गोपनीय घेतात आणि साक्षीदाराला नुसतं 'अ', 'ब' म्हणतात. शहरातल्या वस्तीत 'अ' कोण हे झाकून राहू शकतं. तीनशे उंबऱ्यांच्या गावात, भांडण कुठल्या पारावर झालं एवढं कळलं तरी 'अ' च्या घराची कडी वाजते.

तेव्हा तुमच्या तालुक्यातल्या माणसालाही खुशाल तडीपार म्हणा. फक्त बातमीत आदेश कोणी काढला ते पाहा. 'प्रांताधिकारी' दिसले तर मामला ग्रामीण हद्दीतला, 'परिमंडळाचे (शहर पोलिसांच्या एका विभागाचे) उपायुक्त' दिसले तर आयुक्तालयातला.