कलम, ट्युव्हिक्स आणि कॅप्टनचा निर्णय

प्रश्न : ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अवकाशयानाच्या मालिकेतला ‘ट्युव्हिक्स’ हा भाग आम्ही गावच्या वाचनालयात पाहिला. यानात टुव्होक आणि नीलिक्स ही दोन माणसं एकजीव होऊन तिसराच, ट्युव्हिक्स, तयार होतो. कॅप्टन जेनवे त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला फोडून दोघं परत आणते. आमचे संत्रावाले म्हणतात, कलमच ते, सोडवलं तर बिघडलं काय? पोट्टे म्हणतात, खून आहे. कोणाचं खरं?
– एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : पोट्ट्यांचं.

कलमाचा दाखला सुरेख आहे, पण तो सांध्यापाशीच तुटतो. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला तरी दोन्ही आपापल्या जातीचेच राहतात. सांध्याखालचे फुटवे वेळेवर काढले नाहीत तर तिथून जंबेरीच वाढते, हे वरुडच्या माणसाला मी काय सांगावं! ट्युव्हिक्सला असा सांधाच नाही. टुव्होक आणि नीलिक्स या दोघांच्या आठवणी त्याच्यात आहेत, पण ‘मला जगायचंय’ म्हणणारा तो तिसरा आहे.

जेनवेची बाजू हलकी नाही. त्या दोघांना बोलता येत नाही, म्हणून कॅप्टन या नात्यानं त्यांच्या वतीनं बोलणं तिला कर्तव्य वाटतं. पण शेवट नीट पाहा. ट्युव्हिक्स नियंत्रण कक्षात सहकाऱ्यांपुढे जीव वाचवायला विनवतो आणि कोणी पुढे येत नाही. रुग्णाची संमती नाही म्हणून डॉक्टर हात लावायला नकार देतो. मग जेनवे स्वतः यंत्र चालवते आणि काम झाल्यावर एकटी बाहेर पडते. तिनं ते दुसऱ्यावर ढकललं नाही, म्हणून ती मला मोठी वाटते. निर्णय तरीही चूकच.

पुन्हा दाखवाल तेव्हा दोघांना वेगळं करता येतं असं डॉक्टर सांगतो, तिथं थांबवा आणि चिठ्ठीवर मत घ्या. हात वर करायला लावलं की लोक शेजाऱ्याकडे पाहून मत देतात. दुसरी अडचण ओळखीची. आधीचे भाग पाहिलेल्यांना टुव्होक-नीलिक्स घरचे वाटतात, नव्यांना ट्युव्हिक्स जवळचा. म्हणून दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या वेगळ्या मोजा. आणि १९९६ साली मालिका पुढे चालवायची तर ते दोघे परत यायलाच हवे होते. ती लेखकांची गरज होती, जेनवेच्या पदरात घालू नका.

प्रश्न : मग ‘डीप स्पेस नाइन’ या दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला कॅप्टन सिस्को? तो तर खोटा पुरावा बनवतो.
– वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तो भाग ‘इन द पेल मूनलाइट’, १९९८. रोम्युलन या परग्रहवासीयांना चालू युद्धात आपल्या बाजूनं ओढायला सिस्को बनावट चित्रण तयार करवतो. त्यांच्या सिनेटरला ते ओळखू येतं आणि सिस्कोचा साथीदार गॅरक त्या सिनेटरचं यानच उडवून देतो. माझ्या मते हा गुन्हा जेनवेपेक्षा जड आहे. ट्युव्हिक्सला आपल्यावर काय येतंय ते माहीत होतं, तो तोंडावर नाही म्हणू शकला. रोम्युलनांना तेवढीही संधी मिळाली नाही. सिस्को हे सगळं स्वतःच्या नोंदीत कबूल करतो, आणि शेवटी ती नोंदच पुसून टाकतो.