वाचकांचे प्रश्न : दुआतमध्ये उतरणारी नायिका

प्राचीन इजिप्तच्या पुराणकथांवर आधारलेल्या, किशोरवयीनांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्यांची आणि वाचणाऱ्यांची पत्रे या वेळी इतकी आली, की हे सदर पूर्णपणे त्यांनाच देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीची नायिका पंधरा वर्षांची आहे. मरण पावलेल्या भावाला परत आणण्यासाठी ती दुआतमध्ये, म्हणजे मृतांच्या जगात उतरते. पहिली प्रकरणे वाचून माझी मैत्रीण म्हणाली, की दर प्रकरणात एक नवा देव भेटतो, बोलतो आणि निघून जातो. हे साहस वाटत नाही, प्रवासवर्णन वाटते. यावर काय करावे?

उत्तर : तुमच्या मैत्रिणीने नेमके दुखणे ओळखले आहे आणि त्यावरचा उपाय इजिप्शियन लोकांनीच करून ठेवलेला आहे. सूर्यदेव रा पश्चिमेला मावळल्यानंतर आपल्या नावेतून बारा तासांचा जो प्रवास करून पहाटे पूर्वेला उगवतो, त्या प्रवासाची वाट दुआतमधून जाते. राजांच्या खोऱ्यातील थुटमोस तिसरा याच्या थडग्यात, म्हणजे इ. स. पू. १४२५ च्या सुमारास, हा सगळा प्रवास तासागणिक भिंतींवर रेखाटलेला आहे. दफनकक्ष लंबगोल आहे, भिंतींचा रंग पिवळसर आहे आणि आकृत्या अगदी साध्या, काड्यांसारख्या रेषांच्या आहेत, त्यामुळे एक भलामोठा पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदाची गुंडाळी, उलगडून आपल्याभोवती उभा केला आहे असा भास होतो.

या प्रवासात प्रत्येक तासाला स्वतःचे संकट आहे. चौथ्या तासाला पाणी संपते आणि वाट सोकर देवाच्या वाळूच्या प्रदेशात शिरते. नाव स्वतःच साप बनते आणि तिला दोरांनी ओढत न्यावे लागते. तिथला अंधार इतका दाट आहे, की सूर्यदेवाला तिथले रहिवासी दिसत नाहीत. त्यांना फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. मध्यरात्री, सहाव्या तासाला, सूर्य आणि मृतांचा राजा ओसिरिस एकरूप होतात आणि तिथून सूर्याची शक्ती परतू लागते. लगेच सातव्या तासाला अपोफिस हा महासर्प वाटेतले पाणी पिऊन टाकतो आणि ओसिरिसची पत्नी आयसिस हिच्या मंत्रबळावर नाव पुढे सरकते. बाराव्या तासाला सगळा ताफा एका प्रचंड सर्पाच्या शेपटीतून आत शिरतो आणि तोंडातून बाहेर पडतो. आत जाताना सगळे वृद्ध असतात, बाहेर येताना तरुण असतात.

आता तुमच्या नायिकेला या नावेवर बसवा. भावाला शोधण्यासाठी ती थांबली, तर नाव तिच्यासाठी थांबणार नाही. आणि तिने नाव थांबवली, तर उद्याचा सूर्य उगवणार नाही. इतका एक पेच हाती आला की भेटणाऱ्या प्रत्येक देवाला त्या तासाचे काम असते आणि ज्याला काम नाही तो देव, कितीही आवडता असला तरी, गाळता येतो. माझ्या मते चौथा तास तुम्ही सर्वांत सावकाश लिहावा, कारण स्वतः सूर्य जिथे आंधळा होतो तिथे एक मुलगी दोर ओढते आहे, हे चित्र वाचकाला पुस्तक खाली ठेवू देणार नाही.

आणखी एक गोष्ट ‘मृतांचा ग्रंथ’ या, मृताच्या सोबतीला दिल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहातील १२५ व्या मंत्रातून घ्या. न्यायसभेच्या दालनात शिरणाऱ्याला तिथल्या दाराचे एकेक भाग अडवतात आणि ‘आमचे नाव सांगितल्याशिवाय आत सोडणार नाही’ असे बजावतात. शेवटी जमीनसुद्धा हटून बसते, की ज्या पावलांनी तू मला तुडवणार त्या पावलांची नावे मला ठाऊक नाहीत, ती आधी सांग. किशोरवयीन वाचकासाठी याहून चांगला पहारा मला सुचत नाही, कारण इथे तलवारीचा काहीच उपयोग नसतो.

प्रश्न : सेथला खलनायक केले तर चालेल ना? त्याने ओसिरिसला, आपल्या सख्ख्या भावाला मारले आहे.

उत्तर : चालेल, पण तेवढ्यावर थांबलात तर हातचे सर्वांत चांगले पात्र वाया जाईल. हाच सेथ रोज रात्री सूर्याच्या नावेच्या नाळेवर भाला घेऊन उभा राहतो आणि अपोफिसला भोसकतो. सेती या राजांनी त्याचेच नाव अभिमानाने धारण केले होते. रामसेस पाचवा याच्या काळातील, म्हणजे इ. स. पू. बाराव्या शतकातील एका पपायरसमध्ये ओसिरिसचा मुलगा होरस आणि सेथ यांच्यातला राज्याचा दावा ऐंशी वर्षे चाललेला दाखवला आहे. त्यात दोघे दगडी नावांची शर्यत लावतात. तरुण होरस लाकडी नावेला वरून जिप्समचा लेप देतो आणि सेथ डोंगराचा माथा तोडून खरोखरच दगडाची नाव करतो, जी अर्थातच बुडते. शेवटी राज्य होरसला मिळते आणि सेथला रा आपल्यापाशी ठेवून घेतो, आकाशात गर्जना करण्यासाठी.

खरा शत्रू अपोफिस आहे. त्याला राज्य नको, सूड नको, पूजाही नको. सगळे विझावे एवढेच त्याला हवे असते आणि म्हणून त्याच्याशी तडजोड होऊ शकत नाही. ज्याने आपले सर्वस्व हिरावले त्याच्याच शेजारी उभे राहून नावेचे रक्षण करण्याची वेळ नायिकेवर आणा. त्या प्रकरणात तिने सेथला क्षमा करावी असा आग्रह मी धरणार नाही. ती क्षमा न करताही त्याच्याकडे भाला सरकवू शकते.

प्रश्न : जादूचे नियम कसे ठरवावेत? माझ्या पात्रांना काहीही करता येते आणि त्यामुळे उत्कंठाच उरत नाही.

उत्तर : इजिप्शियन जादू, जिला ते हेका म्हणत, नाव, उच्चार आणि लेखन यांवर चालते, आणि तेच तिचे कुंपणही आहे. आयसिसला रा याचे गुप्त नाव हवे होते. तिने म्हाताऱ्या सूर्यदेवाची गळलेली लाळ मातीत कालवून साप घडवला आणि त्याच्या वाटेवर ठेवला. विषाने तळमळणारा रा आधी आपल्या पदव्या सांगत सुटतो, की सकाळी मी खेप्री, दुपारी रा, संध्याकाळी अतुम. पण विष उतरत नाही, कारण ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. खरे नाव द्यावे लागते तेव्हाच सुटका होते. लिहिलेल्या अक्षरातही असाच जीव मानला जाई: पिरॅमिडमधील दफनकक्षांच्या भिंतींवर साप किंवा सिंह यांची चित्राक्षरे कित्येकदा मुद्दाम तोडून किंवा अपुरी कोरलेली आहेत, जेणेकरून ती मृताला इजा करणार नाहीत. तुमच्या कादंबरीतील एखाद्या मुलाला अर्धवट कोरलेला साप दिसला आणि शिल्पकाराकडून राहून गेले असे समजून त्याने तो पूर्ण केला, तर पुढचे प्रकरण आपोआप लिहिले जाईल.

जादूची किंमत किती असते, हे मात्र ‘सेतने खामवास’ याच्या कथेइतके कोणीही सांगितलेले नाही. रामसेस दुसरा याचा मुलगा खामवासेत हा मेम्फिस येथे प्ताह देवाचा पुरोहित होता. त्याच्या मृत्यूनंतर हजारएक वर्षांनी, टॉलेमींच्या राजवटीत, तो ‘सेतने खामवास’ या नावाने लोककथांचा नायक होऊन बसला. या कथेत लेखनाचा देव थॉथ याने स्वतः लिहिलेला ग्रंथ कोप्तोस शहराजवळच्या पाण्यात पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी असा लपवलेला आहे, सभोवती साप-विंचू आहेत आणि एक अमर साप वेटोळे घालून बसला आहे. नानेफेरकाप्ताह हा राजपुत्र त्या सापाचे दोन तुकडे करतो, ते पुन्हा जुळतात. पुन्हा तोडतो, पुन्हा जुळतात. तिसऱ्या वेळी तो दोन तुकड्यांमध्ये वाळू टाकतो आणि साप संपतो. मग तो तो ग्रंथ नव्या पपायरसवर उतरवतो, ते अक्षर पाण्यात विरघळवतो आणि पिऊन टाकतो. परतीच्या वाटेवर आधी त्याचा लहान मुलगा बुडतो, नंतर बायको, आणि शेवटी तो स्वतः. तरीही पुढे सेतने त्याच्या थडग्यात उतरून त्याच ग्रंथावर हक्क सांगतो, भुताबरोबर पटाचा खेळ मांडतो आणि प्रत्येक हारीबरोबर जमिनीत थोडा थोडा रुतत शेवटी कानांपर्यंत बुडतो.

वाळूची ती मूठ नीट पाहा. नायक बलवान आहे म्हणून जिंकत नाही, दोनदा फसल्यावर विचार करतो म्हणून जिंकतो. आणि जिंकतो म्हणूनच सर्व गमावतो. तुमच्या प्रत्येक मंत्रामागे असा हिशेब लिहून ठेवा: कोणाचे नाव वापरले आणि त्याबदल्यात कोणाला काय द्यावे लागले.

प्रश्न : ममीचा शाप घालावा का? प्रकाशकाला तो हवा आहे.

उत्तर : मी घालणार नाही. ही कल्पना लोकांच्या मनात घट्ट बसली ती १९२२ मध्ये तुतनखामेनचे थडगे सापडल्यानंतर, विशेषतः उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये वारल्यावर वृत्तपत्रांनी उठवलेल्या गदारोळामुळे. थडगे शोधणारा हॉवर्ड कार्टर त्यानंतर १९३९ पर्यंत जगला. प्रत्यक्ष इतिहासातले भय जास्त जवळचे आहे. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर देइर अल-मदिना या गावात राहत. नाणी नसल्यामुळे त्यांना वेतन धान्यात मिळे आणि रामसेस तिसरा याच्या राजवटीत हे वेतन थकले तेव्हा त्यांनी काम बंद ठेवले. पुढे रामसेस नववा याच्या काळात थडगी फोडल्याबद्दल झालेल्या चौकशीत एका पाथरवटाने सोने काढून घेऊन शवपेट्या जाळल्याची कबुली दिली, ती लिखित स्वरूपात आजही उपलब्ध आहे. नायिकेचा बाप असा पाथरवट असेल, तर शापाशिवायही तिला रात्रभर झोप लागणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि सध्या अशीच एक कादंबरी वाचते आहे. हृदय तराजूत तोलणे, ते खाणारी राक्षसी, सतत मृत्यूचा विषय; हे तिच्या वयाला पेलेल का?

उत्तर : मला वाटते, पेलेल. ब्रिटिश म्युझियममधील अनी या लेखनिकाच्या पपायरसवर, इ. स. पू. १२५० च्या सुमारास, हे दृश्य रंगवलेले आहे. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याचे पीस, तराजूपाशी अनुबिस, नोंद घेणारा थॉथ, आणि मागे मगरीचे डोके, सिंहाचा पुढचा भाग व पाणघोड्याचा मागचा भाग असलेली अम्मित. चित्रात भीती अम्मितची वाटते खरी, पण मृताला भीती असे ती स्वतःच्या हृदयाची. ‘माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस’ अशी हृदयाला केलेली विनवणी दगडी भुंग्यावर कोरून शवाच्या छातीवर ठेवली जाई. आपण काय केले हे आपल्याला आतून ठाऊक असते, ही जाणीव तेराव्या वर्षी नुकतीच तीव्र होत असते आणि ज्या पुस्तकात ती दडवलेली नाही ते पुस्तक मी तरी मुलीच्या हातून काढून घेणार नाही. रक्तपाताची वर्णने चवीने लांबवलेली असतील, तर मात्र आधी तुम्ही वाचून पाहा.

तिचे हे पुस्तक वाचून झाले की तिला शापित राजपुत्राची जुनी कथा सांगा. जन्मतःच त्याचे मरण मगर, साप किंवा कुत्रा यांच्या हातून ठरलेले असते. साप त्याची बायको मारते. ज्या कुत्र्याला त्याने पिल्लापासून वाढवले त्याला मारायला तो नकार देतो. त्यानंतर मगर त्याला गाठते आणि सौदा सुचवते. पपायरस तिथेच फाटलेला असल्यामुळे शेवट कोणालाच ठाऊक नाही. तो तिला लिहू द्या आणि तिची हरकत नसेल तर आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात या सदरासाठी एक पान राखून ठेवले आहे.