घटनात्मक राजाने कायद्यावर सही करायला नकार दिला तर काय होतं?

कागदावर राजाकडे बरंच काही असतं: कायद्याला संमती, पंतप्रधानाची नेमणूक, संसद बोलावणं. प्रत्यक्षात हे सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होतं. ब्रिटनमध्ये संमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा, राणी अ‍ॅनच्या काळातला, आणि तोही मंत्र्यांच्याच सल्ल्याने.

खरी कसोटी बेल्जियममध्ये लागली. १९९० साली राजे बोदुएँ यांनी गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला नकार दिला, मनाला पटत नाही म्हणून. मग सरकारने घटनेतल्या तरतुदीचा आधार घेऊन 'राजा राज्य करण्यास असमर्थ' असं जाहीर केलं, मंत्र्यांनी सह्या केल्या आणि दोनेक दिवसांत संसदेने राजांना पुन्हा अधिकारावर आणलं. वाट ओढूनताणून काढलेली होती हे खरं, पण कायदाही झाला आणि माणसाचा विवेकही राहिला. मला ती वाट फार मोलाची वाटते.

लक्झेंबर्गने अशाच पेचानंतर ग्रँड ड्यूकचा, म्हणजे तिथल्या राजाचा, संमतीचा अधिकारच घटनेतून काढला. स्वीडनचा राजा तर कायद्यांवर सहीच करत नाही.

मग उरतं काय? ब्रिटनचे पंतप्रधान साधारण दर आठवड्याला राजांना एकांतात भेटतात. त्या बोलण्याची नोंद ठेवत नाहीत. तिथे राजा विचारू शकतो, सल्ला देऊ शकतो, सावधही करू शकतो.