फांदी खोडालगत सपाट कापून जखमेला रंग लावणे योग्य आहे का?

नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर वळ्यातील ऊतीच नवे लाकूड चढवून जखम झाकतात, त्यामुळे तो वळा कापला की कूज थेट खोडात शिरू शकते. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाड जखमेभोवती भिंत उभारून कूज बंदिस्त करते; रंगाने ती थांबत नाही. जड फांदीला आधी खालून खाच, मग थोडे पुढे वरून काप आणि शेवटी वळ्याबाहेर काप द्यावा, म्हणजे साल फाटत नाही. छाटणीसाठी जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढणाऱ्याला मी तरी काम देणार नाही, कारण प्रत्येक खिळा नवी जखम करतो.