विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉप पार मंदावलाय, फॉरमॅट मारू की नवा घेऊ?

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत जीएसटी रिटर्न आणि हिशेबाचं ऑफिस, लॅपटॉप २०१८ चा, आठव्या पिढीचा आय-५, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क १ टीबी. महिनाभरापूर्वी विंडोज १० वरून ११ केलं आणि तेव्हापासून टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत समोरचा पक्षकार घड्याळ बघायला लागतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, भाचा म्हणतो नवा घ्या.

दोघांचंही एवढ्यात ऐकू नका. राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळं ही तक्रार आता रोजचीच झालीय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा घाईघाईनं ११ वर गेलेल्या मशिनींची रांगच लागली. त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपांचं दुखणं एकच असतं, आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमचंही तेच वाटतंय. पण अंदाजावर पैसे घालू नका, आधी बघून घ्या.

लॅपटॉप चालू करा, काहीही न उघडता दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स आणि मग डिस्क. तिथं एचडीडी लिहिलं असेल तर ती जुनी फिरती डिस्क. आता तीन आकडे वाचा. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांना चिकटलेला, रीड स्पीड जेमतेम एक-दोन एमबी, आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम शेकड्यांत, कधी हजार मिलिसेकंदांच्या वर. हे तिन्ही एकत्र दिसलं की निदान झालं. डिस्क जीव तोडून पळतेय आणि काम मात्र काडीचं होत नाहीय.

कारण साधं आहे. लॅपटॉपातली ही डिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे मारणारी असते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. त्यात वाचणारं टोक योग्य जागी सरकायला आणखी वेळ. एक सलग मोठी फाइल असेल तर ती झटक्यात देते, पण वेगवेगळ्या जागचे छोटे तुकडे मागितले तर सेकंदाला साठ-सत्तरच्या पुढं तिची मजल जात नाही. पंगतीत एकच वाढपी, एका टोकाला तांबडा हवा, दुसऱ्या टोकाला पांढरा, मधूनच कुणीतरी भाकरी मागतोय, अशी तिची गत. विंडोज ११ चालू झालं की सर्च इंडेक्सिंग, डिफेंडर, अपडेट, विजेट, वनड्राइव्ह सगळे एकदम मागत सुटतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी नवी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळं तिला याचं काही वाटत नाही.

वर तुमची रॅम ४ जीबी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं किमान एवढीच सांगितलीय हे खरं, पण त्यात मशीन फक्त चालू होतं, काम होत नाही. ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल आणि शेजारी टॅली उघडली की रॅम संपते, आणि विंडोज उरलेलं सामान त्याच बिचाऱ्या डिस्कवर नेऊन टाकतं. म्हणजे रॅमचा तुटवडाही शेवटी डिस्कच्याच डोक्यावर.

फॉरमॅटचा मोह का होतो तेही सांगतो. नव्या कोऱ्या विंडोजमध्ये काहीच नसतं, त्यामुळं पहिले काही दिवस गाडी सुसाट. मग टॅली, प्रिंटर, अपडेट एकेक करून परत येतात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तुमच्यासारख्या ऑफिसात तर फॉरमॅट म्हणजे डोकेदुखीच. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, पोर्टलवर सही करायचं एम-सायनर, टॅलीचं लायसन्स, सगळं नव्यानं बसवा.

डिस्कचे आकडे ठीकठाक आले तर मात्र माझा अंदाज बाजूला ठेवा आणि त्याच ठिकाणी सीपीयूवर टिचकी मारा. स्पीड ०.४ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून बसला असेल आणि काही उघडलं तरी हलत नसेल, तर चार्जर काढून बघा. बाजारातला लोकल चार्जर काही लॅपटॉप ओळखत नाहीत आणि मुद्दाम हळू चालतात. तिथंच अप टाइम दिसतो. तो आठवडाभराचा असेल तर दचकू नका. फास्ट स्टार्टअपमुळं शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्ट दिलं तरच होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव असेल, तर अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेलाय. तो कंपनीच्या साइटवरून टाका.

आणि मंदपणा कधी सुरू होतो ते बघा. पहिल्या मिनिटापासून असेल तर डिस्क, अर्ध्या तासानं असेल तर उष्णता. उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपचा लॅपटॉप माझ्याकडं आला होता, मालकाचा सगळा राग विंडोज ११ वर. खालचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर तेलकट काळा थर, आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या जाळीत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बारीक पूड अशी बसलेली की पलीकडचा उजेड दिसेना. ब्रशनं साफ केलं, थर्मल पेस्ट बदलली, विंडोजला हातही लावला नाही. लक्ष्मीपुरीत बिडाची पूड नसेल, पण सात वर्षांची रस्त्यावरची धूळ आहेच. झाकण उघडाल तेव्हा हेही करून घ्या.

यूट्यूबवर कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी हे विंडोजचं सुरक्षेचं सेटिंग बंद करा असं सांगणारे बरेच आहेत. आठव्या पिढीच्या प्रोसेसरवर त्यानं फारसा फरक पडत नाही, आणि तुमच्याकडं लोकांचे पॅन, बँकेचे तपशील आहेत. चालू राहू दे. पीसी बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर असल्या नादाला तर लागूच नका. फुकटातलं कामाचं एकच: टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप ॲप्समध्ये जाऊन नको ते बंद करा. आराम पडेल, आजार जाणार नाही.

विंडोज १० वर परत जायचा रस्ता अपग्रेडनंतर १० दिवसच उघडा असतो. तुमचा बंद झाला, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचा प्रोसेसर ११ च्या अधिकृत यादीत आहे, जुगाड करून घुसवलेलं मशीन नाही.

तेव्हा माझं मत: एसएसडी टाका आणि रॅम किमान ८ जीबी करा, नवा लॅपटॉप राहू दे. त्या काळच्या बऱ्याच मॉडेलांत एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवायची, रिकामी जागा असते. पण ती साटा एसएसडी घेते की एनव्हीएमई (जोडणीचे हे दोन वेगळे प्रकार), हे मॉडेल नंबरवरून तपासल्याशिवाय खरेदी करू नका. जागाच नसेल तर जुन्या डिस्कच्या ठिकाणी अडीच इंची साटा एसएसडी बसते. रॅम काही मॉडेलांत बोर्डलाच चिकटवलेली असते, तेही आधी विचारा. भाव सारखे वरखाली होतायत, दोन दुकानं फिरा. आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा की फॉरमॅट नको, क्लोन करून द्या. त्यात आहे तसं सगळं नव्या डिस्कवर येतं. टॅली मशिनीची ओळख ठेवते, त्यामुळं डिस्क बदलायच्या आधी लायसन्स सरेंडर करा, नंतर परत ॲक्टिव्हेट करता येतं.

लॅपटॉप देण्याआधी दोन गोष्टी स्वतः करा. टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या मशिनीवर उघडतो का बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. दुसरं, सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं सांकेतिक कुलूप, चालू आहे का पाहा. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, कागदावर उतरवून घ्या. ती नसली तर निळ्या पडद्यासमोर हात जोडून बसायची वेळ येते.

दिवस निवडताना जीएसटीच्या मासिक ३बी रिटर्नची २० तारीख उलटू द्या, २१ नंतर निवांत द्या. तोवर डिस्कचे ते तीन आकडे आणि लॅपटॉपचा मॉडेल नंबर इथं खाली टाका, कुठली एसएसडी बसेल ते बघून सांगतो.