जॅक हेररला ‘सॅटिव्हा-प्रधान’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोरांटोत राहता, तिथे गांजा कायदेशीर आहे, आणि दुकानदार म्हणाला की जॅक हेरर हे गांजाचं वाण घ्या, सॅटिव्हा-प्रधान आहे, दिवसा ओढला तरी झोप येत नाही. हे कितपत खरं, आणि नवख्या माणसाने काय बघून घ्यावं?

अर्धं खरं आहे. ‘सॅटिव्हा’ (गांजाच्या झाडाचा उंच, अरुंद पानांचा प्रकार) हा शब्द झाडाच्या बांध्याबद्दल बरंच सांगतो, वासाबद्दल थोडं सांगतो आणि तुमच्या डोक्यात काय होईल याबद्दल फारच कमी.

जॅक हेरर हे नेदरलँड्समधल्या सेन्सी सीड्सचं १९९० च्या दशकातलं वाण. गांजाच्या कायदेशीरपणासाठी झगडलेल्या अमेरिकन कार्यकर्त्याचं नाव त्याला दिलंय. एका बाजूने हेझ, दुसऱ्या बाजूने नॉर्दर्न लाइट्स आणि शिवा स्कंक, अशा आधीच्या वाणांचा संकर. हेझच्या वंशात कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारतातलं बियाणं असल्याचं सांगतात. हे सगळे उष्ण मुलुख, थंडी उशिरा किंवा येतच नाही, त्यामुळे झाडाला फुलोरा पिकवायची घाई नाही. उंच वाढ, लांब पेरं, अरुंद बोटांची पानं आणि सैलसर, लांबट फुलोरा ही ठेवण तिथून आली. निव्वळ हेझ फुलोऱ्यावर आल्यापासून बारा आठवडे आणि कधी त्याहून जास्त घेतं. जॅक हेररमध्ये दुसऱ्या बाजूचं रक्त असल्यामुळे हे काम साधारण आठ ते दहा आठवड्यांत उरकतं आणि फुलोराही जरा भरीव होतो. ‘प्रधान’ हा शब्द आहे तो एवढ्यासाठी. पाकिटावर सॅटिव्हा आणि इंडिका (बुटका, रुंद पानांचा प्रकार) यांचं ६०:४० वगैरे प्रमाण छापलेलं असतं तो बियाणं करणाऱ्याचा अंदाज समजा, प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे.

आता लेबलाचा भरवसा. कॅनडातच झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात शंभर टक्के सॅटिव्हा म्हणून विकलं जाणारं जमैकन वाण, शंभर टक्के इंडिका म्हणवणाऱ्या अफगाण वाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. तेव्हा दुकानातल्या फळीवर ‘सॅटिव्हा’ लिहिलंय एवढ्यावर पैसे मोजू नका.

मी पहिल्यांदा टर्पीन बघतो, म्हणजे वास देणारी तेलं. जॅक हेररची खूण टर्पिनोलीन. बहुतेक वाणांत ते नावापुरतंच असतं. इथे ते अनेकदा पहिल्या नंबरवर सापडतं, तसंच डर्बन पॉयझन या वाणामध्येही. वास पाइनच्या ओल्या लाकडाचा, त्यात लिंबाची साल आणि आंब्याच्या चिकासारखी उग्र झाक. लोक ज्याला ‘सॅटिव्हाचा वास’ म्हणतात तो बऱ्याचदा हाच. पाकिटावर मायर्सीन हे दुसरं टर्पीन सगळ्यात वर असेल आणि नाव मात्र जॅक हेरर, तर तो माल तुम्हाला हवा तसा नसण्याची शक्यता मोठी. टर्पिनोलीनमुळेच तरतरी येते असं मात्र सिद्ध झालेलं नाही. तो वास आवडत असेल तर निवडायला उपयोगी, इतकंच. शिवाय ते पटकन उडतं. म्हणून पॅकिंगची तारीख बघा. सहा महिन्यांपेक्षा जुनं पाकीट मी घेणार नाही. फुलोरा बोटात चुरला की पीठ होतं आणि वाळल्या गवताचा वास येतो, तो माल गेलेला. चांगला फुलोरा दाबला की किंचित चिकटतो, बारीक देठ वाकवला की कट्कन मोडतो. घरी काचेच्या घट्ट बरणीत, अंधारात, ५८ ते ६२ टक्के आर्द्रतेची पुडी टाकून ठेवा. फ्रीजरमध्ये नको, राळेच्या गाठी ठिसूळ होऊन गळतात.

आता खरा मुद्दा, मात्रा. काही पाकिटांवर टीएचसीचे (नशा आणणारा घटक) दोन आकडे असतात. तापवल्यावर मिळणारा ‘टोटल’ तोच धरा. टोटल २०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असेल, तर अर्ध्या ग्रॅमच्या जॉइंटमध्ये (गांजा भरून वळलेल्या सिगारेटमध्ये) १०० मिलिग्रॅम आले. ओढताना बरंचसं जळून आणि धुरात वाया जातं, तरी पाव भाग रक्तात उतरला असं धरलं तर २५ मिलिग्रॅम होतात. खाण्याच्या पदार्थांत नवख्याला अडीच मिलिग्रॅमने सुरुवात करायला सांगतात; मार्ग वेगळा असल्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण अंदाज यावा. त्यामुळे एक छोटा झुरका, मग पंधरा-वीस मिनिटं काही नाही. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो आणि दोन-तीन तासांत ओसरू लागतो. खाल्लेला चढायला अर्धा ते दोन तास लावतो, आणि ‘काहीच होत नाहीये’ म्हणून दुसरा तुकडा तोंडात टाकणारेच फसतात.

‘सॅटिव्हाने भीती वाटली’ ही तक्रार नेहमीची. कारण बहुतेकदा वाण नसतं. भरपूर टीएचसी आणि जवळपास शून्य सीबीडी (नशा न आणणारा घटक) हे असतं. टीएचसीने नाडी वाढते, त्यावर कडक कॉफी घेतली की धडधड आणखी जाणवते आणि माणूस घाबरतो. म्हणून जॅक हेररच घ्यायचा असेल तर टीएचसी १५ टक्क्यांच्या आसपास असलेला बघा; २५ टक्क्यांचा माल जास्त चांगला असतो ही नुसती बाजारातली समजूत. जास्त झालीच तर शांत खोली, पाणी, बसून राहणं, आणि सोबतीला शुद्धीवरचा माणूस. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा उलट्या थांबेनात तर सरळ ९११.

हृदयाचा त्रास, स्वतःला किंवा घरात कोणाला सायकोसिस (भ्रम-भास होणं) किंवा स्किझोफ्रेनिया, गरोदरपण, वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं, यांपैकी काहीही असेल तर यात पडू नका. आणि ‘दिवसा काम करता येतं’ म्हणजे गाडी चालवता येते असं नव्हे.

एक राहिलं. भारतात, समजा पुण्याला, जाताना उरलेलं पाकीट किंवा व्हेप (वाफ ओढायचं यंत्र) बॅगेत राहू देऊ नका. सीमेपलीकडे नेणं कॅनडातही गुन्हा आहे, आणि भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली फुलोरा म्हणजे गांजाच. व्याख्येतून पानं-बिया वगळल्यामुळे भांगेला जी सूट मिळते ती याला नाही. एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरली जाते, पण तिलाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.