सहावा फाउल मोजायला विसरू नका

सोसायटीच्या हॉलमध्ये पाच-पाच जणांच्या फुटबॉलची स्पर्धा भरवताय, टर्फवरचेच नियम चालतील का आणि ऑफसाइड असतो का, असं तुम्ही विचारलंय. ऑफसाइड (समोरच्या बचावाच्या पुढे उभं राहून पास घेण्यावरची बंदी) नसतो. टर्फवरचे नियम मात्र जसेच्या तसे आणू नका. टर्फला जाळी असते, बॉल जाळीला लागून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. हॉलमध्ये रेषा आखलेल्या असतात, बॉल पूर्ण बाहेर गेला की गेला. शिवाय टर्फवर जागा बदलली की नियम बदलतात, आणि तुमच्याकडे चार बिल्डिंगची पोरं चार टर्फवरून येणार. वाद तिथूनच सुरू होतील. त्यापेक्षा फुटसालचे नियम घ्या आणि आपल्या हॉलपुरते बदल आधीच लिहून द्या.

फुटसाल हा हॉलसाठीच बेतलेला खेळ आहे. १९३० साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओमध्ये वायएमसीए या युवक संस्थेत शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी यांनी तो बास्केटबॉलच्या कोर्टवर खेळता यावा म्हणून तयार केला. पाच खेळाडू बास्केटबॉलवरून आले, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच गोलपोस्ट हँडबॉलवरून. त्यामुळे जवळपास ४० बाय २० मीटरचं हँडबॉल कोर्ट असेल तर फारसं काही नव्याने आखायला नको. बास्केटबॉल कोर्ट (२८ बाय १५) थोडं अरुंद पडतं, पण सोसायटीच्या स्पर्धेला पुरतं.

बॉल नीट घ्या. नेहमीचा पाच नंबरचा बॉल हॉलच्या फरशीवर इतका उसळतो की अर्धा वेळ तो डोक्यावरच राहतो. फुटसालचा बॉल चार नंबरचा, वजन ४०० ते ४४० ग्रॅम आणि मुद्दाम कमी उसळणारा असतो. दोन मीटर उंचीवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ५० ते ६५ सेंटीमीटरच वर यायला हवा. दुकानातच हात उंच करून सोडून बघा. मांडीच्या वर आला तर घेऊ नका. बॉल छताला लागला तर ज्यांनी मारला त्यांच्या विरुद्ध टीमला जवळच्या साइडलाइनवरून किक-इन द्यायची.

किक-इन म्हणजे थ्रोच्या जागी पायाने मारायची किक. बॉल रेषेवर स्थिर ठेवायचा, समोरचे पाच मीटर लांब, आणि चार सेकंदांत मारायचा. उशीर झाला तर किक-इन दुसऱ्या टीमला. तिच्यावरून थेट गोल धरत नाहीत. कॉर्नर, फ्री किक, गोलीचा थ्रो, सगळ्यांना हेच चार सेकंद. पंचाने हात वर करून बोटांनी सेकंद मोजून दाखवायचे. पहिल्या पाच मिनिटांत पोरं कुरकुर करतात, मग आपोआप वेग येतो.

गोलीचा नियम बहुतेकांना माहीत नसतो. समोरच्यांच्या शेवटच्या स्पर्शाने बॉल गोलपोस्टच्या रेषेबाहेर गेला की गोली तो हातानेच खेळात आणतो. खेळ चालू असताना आपल्या हाफमध्ये त्याला बॉल चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, मग तो हातात असो की पायात. आणि एकदा त्याने बॉल दिला की समोरच्या टीमचा स्पर्श झाल्याशिवाय आपल्याच माणसाने तो त्याला परत द्यायचा नाही. दिला तर इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत ती. हा नियम नसला तर एक गोलची आघाडी घेतलेली टीम शेवटची तीन मिनिटं गोलीशीच पास-पास खेळत बसते. गोली समोरच्या हाफमध्ये गेला की ही बंधनं सुटतात, म्हणून मागे पडलेली टीम शेवटी गोली पुढे काढून पाच जणांनी हल्ला चढवते. बघायला फार मजा येते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहितोय ते. सोसायटीच्या स्पर्धांत सर्वांत आधी कशाला कात्री लागते तर फाउल मोजण्याला. ‘कोण मोजत बसणार’ म्हणतात. बाकी काहीही कमी-जास्त करा, हे काढू नका. एका हाफमध्ये डायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल मारता येतो) किंवा पेनल्टीचे फाउल टीमच्या खात्यात जमा होतात. पाच झाले की स्कोअर लिहिणाऱ्याच्या टेबलावर त्या टीमच्या बाजूला खूण ठेवतात. सहाव्यापासून प्रत्येक फाउलला समोरच्यांना बिनभिंतीची, म्हणजे पुढे खेळाडूंची आडवी रांग न लावता मारायची फ्री किक मिळते. बॉल गोलपासून दहा मीटरवरच्या खुणेवर, बाकी सगळे बॉलच्या मागे, समोर फक्त गोली, तोही बॉलपासून किमान पाच मीटर लांब. मारणाऱ्याने गोलवरच मारायचं, पास नाही. फाउल दहा मीटरच्या आत पण डीच्या (गोलपुढच्या पेनल्टीच्या भागाच्या) बाहेर झाला असेल तर तिथूनही मारता येतं. हाफ बदलला की मोजणी शून्यावर.

याचा परिणाम खेळात दिसतो. चार फाउल झालेली टीम शर्ट ओढणं, मागून पाय घालणं आपोआप बंद करते. मोठ्या मैदानावर मधल्या भागातला बारीक फाउल फुकटात पचतो, इथे तो खात्यात राहतो. छोट्या हॉलमध्ये, कडक फरशीवर, भिंत दोन मीटरवर असताना पोरांचे घोटे आणि गुडघे जपायला याहून चांगला उपाय माझ्या बघण्यात नाही. मुलींच्या आणि लहान मुलांच्या मॅचेसनाही हाच नियम ठेवा.

अधिकृत मॅच २०-२० मिनिटांची असते, पण बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात सव्वा तास सहज जातो. तुम्ही बहुधा १०-१० मिनिटं, घड्याळ न थांबवता खेळवाल. तेवढ्या वेळात सहा फाउल होणारच नाहीत आणि नियम कागदावरच राहील. माझ्या मते चौथ्या फाउलपासून दहा मीटरची किक द्या. स्कोअर लिहिणाऱ्याच्या शेजारी एकाला फक्त फाउलच्या रेघा मारायला बसवा.

उरलेलं थोडक्यात. पेनल्टी सहा मीटरवरून. खेळाडू हवे तितक्या वेळा बदला, खेळ न थांबवता, फक्त बाहेर येणारा पूर्ण बाहेर आल्यावरच दुसरा आत, आणि तोही ठरलेल्या पट्ट्यातूनच. रेड कार्ड मिळालेला परत येत नाही, पण दोन मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. पाच विरुद्ध चार खेळताना त्याआधी गोल खाल्ला तर लगेच. स्लाइड टॅकल आंतरराष्ट्रीय नियमांत धोकादायक नसेल तर चालतं, तुमच्याकडे सरसकट बंद ठेवा. स्टडचे बूट घालून कुणालाही आत सोडू नका, सपाट गम सोलचेच हवेत.